फ्रिजवरची यादी

आमच्या फ्रिजच्या दारावर दीड वर्ष एक कागद चिकटवलेला होता. वर लाल स्केचपेनने ‘मुक्ताला बंद’ असं लिहिलेलं आणि खाली बारा नावं. दही, ताक, केळं, पेरू, सीताफळ, द्राक्षं, काकडी, रात्रीचा भात, दूध, अंडी, गहू, वांगं. पहिली आठ घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या आणि पाहुण्यांच्या सांगण्यावरून चढली, शेवटची चार रक्ताच्या एका रिपोर्टवरून. ज्या पदार्थाने २०२२ च्या आषाढी एकादशीला माझी साडेपाच वर्षांची लेक माझ्या मांडीवर निपचित पडली, त्याचं नाव त्या कागदावर नव्हतंच.

हे लिहायचं कारण असं, की सांगली-मिरजेत बाळदमा असलेली मुलं मला पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या ताटातून काय काय काढून घेतलंय ते ऐकलं की आमचा तो कागद डोळ्यांसमोर येतो. मी डॉक्टर नाही, एका पतसंस्थेत कारकून आहे. आमच्या घरी काय झालं आणि ते कसं उलगडत गेलं, तेवढं सांगते. तुमच्या मुलाचं औषधपाणी तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

मुक्ता तान्ही असताना तिच्या गालांवर आणि पुढे गुडघ्यांच्या मागे इसब असायचं. खाजवून खाजवून रक्त काढायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातलं आमचं घर कित्येक दिवस पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर चिखल काढला, भिंती धुतल्या, पण ओल दिवाळीनंतरही गेली नाही आणि कपाटामागे काळी बुरशी धरली. त्या हिवाळ्यात साध्या सर्दीचं निमित्त झालं आणि मुक्ताला पहिल्यांदा धाप लागली. पोट भात्यासारखं वर-खाली, गळ्याखालची खळी आत ओढलेली, छातीत घरघर. पुढच्या सहा महिन्यांत तसं चार वेळा झालं. मुलांच्या डॉक्टरांनी बाळदमा असल्याचं सांगितलं आणि रोज घ्यायचा पंप लिहून दिला.

पंप आणला, पण नेमाने दिला नाही. ‘पंपाची सवय लागते’, ‘त्यात स्टेरॉइड असतं’, ‘एवढ्या लहान पोरीला पंप?’ हे ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकलं होतं. मुक्ता जरा बरी दिसली की मी पंप बंद करायचे आणि तिचं खाणं आवळायचे. पथ्य पाळणं माझ्या हातात होतं, त्यात मला काहीतरी केल्यासारखं वाटायचं. दही-ताक थंड, म्हणून बंद. केळ्याने कफ होतो, बंद. तासगावहून नणंदेकडची द्राक्षं यायची, ती शेजारी वाटून टाकायची. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध देतात, तिथे तिला न्यावं असं चुलत सासऱ्यांनी सुचवलं होतं. तेवढं मात्र मी केलं नाही, कारण त्या खिरीत काय घालतात ते कुणी सांगेना.

२०२१ च्या सुरुवातीला एका प्रयोगशाळेचं पॅकेज घेतलं. रक्ताच्या एका नळीत दोनशेहून जास्त पदार्थांची तपासणी. रिपोर्टमध्ये तीन रंग होते, लाल, पिवळा, हिरवा. लालमध्ये दूध, अंडी, गहू, वांगं. शेंगदाणा हिरव्या रकान्यात होता. ते पान मी इतक्या वेळा वाचलं होतं, की आजही डोळे मिटून सांगेन, वरून नववी ओळ.

दूध, अंडी, गहू गेल्यावर पोरीने खायचं काय? ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, नाचणीचं सत्त्व. वजन हलेना. मग ताकद यावी म्हणून सगळ्यांनी एकच उपाय सांगितला, शेंगदाणे आणि गूळ. आमच्या सासूबाईंचं माहेर वाळव्याकडचं, घरच्या भुईमुगाचं पोतं दर वर्षी येतं. मी दाणे भाजून, कूट करून गुळाचे लाडू वळायचे. मुक्ता ते खायची नाही. दाताने कोपरा तोडायची, तोंड वेडंवाकडं करायची आणि म्हणायची, “आई, हे तोंडाला चावतंय.” भाजीत कूट जास्त पडलं तरी ताट सरकवायची. पोट दुखतं म्हणायची. मला वाटायचं, नखरे करतेय. ‘तोंडाला चावतंय’ हे ती अगदी बरोबर सांगत होती, आणि मी वर्षभर ते ऐकून घेतलं नाही.

एकादशीला रविवार होता. दुपारी चारच्या सुमाराला मी तिला समोर बसवलं आणि एक अख्खा लाडू संपवल्याशिवाय उठायचं नाही म्हणाले. रडत रडत तिने खाल्ला. लाडू मी भरवला, हे मला इथे लिहायलाच हवं. दहा मिनिटंही झाली नसतील, ती कान खाजवायला लागली. मग ओठ. वरचा ओठ बघता बघता सुजला. मग ओकारी, मग खोकला, आणि मग ती ओळखीची घरघर. मला वाटलं, रडल्यामुळे दमा उसळला. पंपाचे चार दाब दिले, उतार पडेना. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे नेब्युलायझर लावून बसवलं. वीस-पंचवीस मिनिटं वाफ चालू होती आणि मुक्ता हळूहळू लुळी पडत होती. हाक मारली तर डोळे उघडायची आणि परत मिटायची.

यांनी तिला उचललं आणि आम्ही रिक्षाने मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आधी तिचा फ्रॉक वर केला. पोटावर, पाठीवर, मांड्यांवर लाल चट्ट्यांचे नकाशे उमटले होते. आम्ही तोवर फक्त छातीकडे बघत होतो. त्यांनी विचारलं, “गेल्या दोन तासांत हिने काय खाल्लं?” तीन वर्षांत हा प्रश्न असा कुणी विचारला नव्हता. मी लाडू म्हणाले. त्या नर्सकडे वळल्या, “अॅड्रेनॅलिन.” मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन दिलं, आडवं झोपवून पाय उंच केले, ऑक्सिजन लावला, सलाईन सुरू केलं. पाच-सात मिनिटांत तिच्या ओठांना रंग आला. त्या रात्री आम्हाला घरी सोडलं नाही. काही मुलांना उतार पडल्यावर काही तासांनी तीच रिअॅक्शन पुन्हा उलटते, म्हणून लक्ष ठेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी आम्हा दोघांना आणि सासूबाईंना समोर बसवून समजावलं. त्यांचं म्हणणं मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं. दमा आणि शेंगदाण्याची अॅलर्जी ही दोन वेगळी दुखणी एका मुलीत आहेत. इसब, दमा, खाण्याची अॅलर्जी ही एकाच घरातली भावंडं, त्यामुळे एकत्र दिसतात. पण खाल्लेल्या एखाद्या पदार्थाने नुसताच दमा उसळावा आणि बाकी काहीच होऊ नये, असं फार कमी वेळा घडतं. अन्नाची अॅलर्जी असेल तर बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी, पोटात कळ यातलं काहीतरी दिसतंच. आणि ज्या मुलाचा दमा आटोक्यात नाही, त्याला अशी रिअॅक्शन आली तर ती जास्त जिवावर बेतते. म्हणून पहिला उपाय पथ्याचा नसतो, रोजच्या पंपाचा असतो.

मी फ्रिजवरची यादी मोबाईलवर दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, मग रक्ताचा रिपोर्ट मागितला. “ताई, ही आयजीजीची तपासणी आहे. शरीराची या पदार्थाशी ओळख आहे, एवढंच त्यातून कळतं. रोज दूध पिणाऱ्या पोरीला दुधाची ओळख असणारच. शेंगदाणा तिने कधी धड खाल्लाच नाही, म्हणून तो हिरव्यात.” असली अॅलर्जी आयजीई नावाच्या घटकामुळे होते आणि त्याची तपासणी वेगळी. तीसुद्धा एकटी पुरेशी नाही, खाल्ल्यावर काय झालं ती हकिगत तिच्या जोडीला हवी. बाहेर आल्यावर सासूबाई एकच वाक्य बोलल्या, “म्हणजे पोरीला आपण उगाच उपाशी ठेवलं.”

वजनकाट्यावर मुक्ता साडेचौदा किलो भरली. डॉक्टरांनी वाढीचा आलेख काढून ठिपका मांडला. तो सगळ्यात खालच्या रेषेला टेकलेला होता. दोन वर्षांपूर्वीचा ठिपका मधल्या रेषेजवळ होता. दोन ठिपक्यांच्या मधला तो उतार म्हणजे आमचा कागद.

पंपाचं आधी सांगते, कारण फरक त्यानेच पडला. स्टेरॉइडची भीती त्यांनी आकड्यांत काढली. धाप लागली की मुक्ताला तीन-चार दिवस स्टेरॉइडचं सिरप मिळायचं, दिवसाला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५,००० मायक्रोग्रॅम, आणि ते सगळ्या अंगात जायचं. वर्षातून चार-पाच वेळा. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, तेही बरंचसं थेट श्वासनळीत. पंप द्यायची पद्धतही आमची चुकत होती. स्पेसरमध्ये, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यात, एका वेळी एकच दाब, आधी पंप हलवून घ्यायचा, मास्क नाका-तोंडावर घट्ट, पाच-सहा शांत श्वास, मग दुसरा दाब. आम्ही दोन्ही दाब एकदम मारत होतो. नंतर चूळ भरायची. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुचकळून नुसता निथळत ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही, कारण पुसलं की प्लॅस्टिकवर वीज धरते आणि औषध भिंतींनाच चिकटतं. तीन महिने सकाळ-संध्याकाळ चुकवलं नाही. रात्रीचा खोकला महिन्याभरातच थांबला.

सहा आठवड्यांनी त्वचेची चाचणी झाली. त्याआधी आठवडाभर खाजेचं औषध बंद ठेवायचं होतं, पंप मात्र चालूच. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे घातले, प्रत्येक आकड्यापाशी एक थेंब, आणि थेंबातून टोकदार चिमुकल्या सुईने हलकं टोचलं. रक्त येत नाही. मुक्ता अठरा थेंब मोजत बसली होती. एक थेंब साध्या मिठाच्या पाण्याचा, तिथे काही उठता कामा नये. एक हिस्टॅमिनचा, तिथे गांधी उठलीच पाहिजे. तरच चाचणी खरी. पंधरा मिनिटांनी पट्टीने मोजलं. शेंगदाणा ११ मिलिमीटर. धुळीतला किडा, ज्याला माइट म्हणतात, तो ८. झुरळ ५. अंडं ४. दूध, गहू, तीळ, वांगं शून्य. तीळ कोरा आला तेव्हा सासूबाईंनी हात जोडले. आमच्याकडच्या कांदा-लसणाच्या चटणीत, म्हणजे वर्षाच्या तिखटात, तीळ असतोच.

अंड्याचं ४ म्हणजे काय, हा प्रश्न उरला. पूर्वी ती अंडं खायची, कधी काही झालं नव्हतं. पण वर्षभराहून जास्त बंद होतं आणि चाचणी थोडी उठली होती, त्यामुळे घरी प्रयोग करायला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. रुग्णालयात, सगळी औषधं हाताशी ठेवून, थोडं थोडं चढवत खाऊ घालायचं. पहिली तारीख सर्दीमुळे रद्द झाली, छाती स्वच्छ नसेल तर ही चाचणी करतच नाहीत. नोव्हेंबरात जमलं. उकडलेल्या अंड्याचा आधी मोहरीएवढा तुकडा. वीस मिनिटं थांबायचं, ओठ, पोट, छाती तपासायची. मग चण्याएवढा. मग चमचाभर. असं करत दुपारी एकपर्यंत अख्खं अंडं पोटात गेलं. त्यानंतर दोन तास बसून राहायचं. मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. मुक्ता चित्रं रंगवत होती आणि मधेच तिने नर्सला विचारलं, “अजून एक आहे का?”

बाकीचे पदार्थ एकेक करून घरीच परत आणले, प्रत्येकाला तीन दिवस. पहिलं दही. मग दूध, पोळी, केळं, पेरू. दुधाने कफ वाढतो हा समज माझ्या आईपासून चालत आलेला. डॉक्टर म्हणाले, दुधाचा घोट लाळेत मिसळून घशाशी जरा दाट लागतो, तो छातीतला कफ नव्हे. आइस्क्रीमने कधी तिला खोकला येतो, तो गारव्याचा, अॅलर्जीचा नाही. ज्या दिवशी खोकला असेल त्या दिवशी देऊ नका, एवढंच. काही गोष्टी आम्हाला स्वतःच्या निरीक्षणातून कळल्या. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच झोपली की पहाटे ढास लागते, म्हणून जेवण साडेसातला. भात काढायची काही गरज नव्हती, वेळ बदलायची होती. नणंदेने पाठवलेले पिवळेधमक बेदाणे तिने दोनदा मूठभर खाल्ले, दोन्ही वेळा तिला खोकल्याची उबळ आली. बेदाण्याला तो रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्यातल्या सल्फाइटने काही दमेकऱ्यांच्या श्वासनळ्या आवळतात आणि ते त्वचेच्या चाचणीत दिसत नाही. धुरी न दिलेले काळे मनुके तिला चालतात. द्राक्षं तर ती आता घडच्या घड खाते. बंद डब्यातलं सरबत, सुका मेवा घेताना लेबल वाचायची सवय लागली. किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ते लिहावं लागतं, आणि शेंगदाणा असेल तर तोही.

आता खरा डोंगर. सांगलीत शेंगदाणा टाळायचा.

ज्यांच्या घरी हे नाही त्यांना कल्पना येणार नाही. मी एक दिवस स्वयंपाकघरात वही घेऊन बसले आणि दाणे कुठे कुठे जातात ते लिहीत गेले. भरली वांगी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, अळूची भाजी, पोहे, साबुदाणा, भगरीबरोबरची आमटी, गूळपोळी, चिक्की. पाहुणे निघाले की हातात द्यायचा भडंगाचा पुडा. मिसळीवरचं फरसाण. बचत गटाची कोणतीही चटणी. पान भरलं. त्यात तेलाची भर. आम्ही आरोग्याचं म्हणून घाण्यावरचं शेंगतेल आणत होतो. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या तेलात शेंगदाण्याची प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, घाण्याच्या तेलात ती राहतात, आणि अॅलर्जी प्रथिनांचीच असते. म्हणजे वर्षभर आम्ही तिची प्रत्येक भाजी त्या तेलात फोडणीला टाकत होतो. आता करडईचं तेल वापरतो.

सासूबाईंनी सगळं मनावर घेतलं. मला एका क्षणाचीही कटकट ऐकावी लागली नाही. एकादशीनंतरच्या पहिल्या सोमवारी त्यांनी भुईमुगाचं पोतं भावाकडे परत पाठवलं. मिक्सरचं भांडं घासून, उन्हात वाळवून त्या त्याच्या पात्यांखाली टाचणीने कोरत बसल्या होत्या. टाचणीच्या टोकावर चिकट, तपकिरी, दाबून बसलेलं कूट येत होतं, किती महिन्यांचं कोण जाणे. ते त्यांनी कागदावर गोळा केलं आणि मला दाखवलं. दोघी काही बोललो नाही. ते भांडं मोडीत गेलं आणि नवीन आणलं. खलबत्त्याचंही तसंच, दगडाच्या भोकांत राहिलेलं निघत नाही.

कुटाची जागा कशाने भरायची हे त्यांनीच शोधलं. भाजीला दाटपणा हवा तर डाळं भाजून त्याचं पीठ. खमंगपणाला तीळ आणि सुकं खोबरं. जेवणात तोंडी लावायला कारळाची किंवा जवसाची चटणी. साबुदाण्याच्या खिचडीत काहीच चालेना, तेव्हा साबुदाणा सोडून आम्ही रताळ्याचा कीस करायला लागलो. संक्रांतीला तीळ, डाळं आणि गुळाचे लाडू. शेंगदाणा ही शेंगवर्गातली जात, म्हणून तूर-मूग-हरभराही बंद करायचा का, अशी शंका मला आली होती. बहुतेक मुलांना डाळी चालतात, ती आधीपासून खात होती, म्हणून कशालाही हात लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. एक काढायचा होता, त्याच्या भीतीने अकरावा-बारावा काढायची चूक परत करायची नव्हती.

घरातल्या हवेचंही बघावं लागलं. हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला. हंगामात घरी येतात तेव्हा कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या असतात. आता अंगणातच कपडे बदलतात, अंघोळ करतात, मग पोरीला घेतात. मिरच्या भाजायच्या आणि कांडपाला न्यायच्या दिवशी मुक्ता मामाकडे विश्रामबागेत जाते, कारण तो खकाणा तिला अजिबात सोसत नाही. गादी-उशा दर आठवड्याला उन्हात. भिंतींची ओल काढून घेतली. ऊसतोड संपून पाचट पेटवतात त्या दिवसांत खिडक्या लावून घेतो, दुसरं काही करता येत नाही. शेजारच्या गावांत पाचट न जाळता कुजवणारे शेतकरी वाढले तर आमच्यासारख्या घरांवर मोठे उपकार होतील.

शाळेचं प्रकरण मला जड गेलं. इंजेक्शनचा डबा ठेवून घ्यायला आधी नकार मिळाला, जबाबदारी कोण घेणार म्हणून. मी समजू शकते, पण त्या आठवड्यात मी रोज ऑफिसात फोन मांडीवर घेऊन बसत होते. डॉक्टरांनी मराठीत एक पानभर पत्र लिहून दिलं, एक दिवस स्वतः वेळ काढून वर्गशिक्षिकांशी फोनवर बोलले, आणि मग मार्ग निघाला. त्या बाई आता स्वतः वर्गात सांगतात, कुणी कुणाच्या डब्यातलं खायचं नाही, आणि दाण्याची चटणी असेल त्या दिवशी जेवण झाल्यावर सगळ्यांनीच हात धुवायचे. मुक्तावर बोट न ठेवता.

तो डबा म्हणजे साधी कंपासपेटी आहे. आपल्याकडे पेनासारखं तयार इंजेक्शन सहज मिळत नाही, म्हणून अॅड्रेनॅलिनच्या दोन कुप्या, दोन सिरिंज, आणि सिरिंजवर तिच्या वजनानुसार डॉक्टरांनी मारलेली लाल खूण. वजन वाढलं की खूण बदलून घ्यायची. मी आणि यांनी मोसंबीवर टोचून सराव केला. पहिल्यांदा माझा हात इतका कापत होता की कुपी फुटली. आत एक कागद: गांधी, उलटी, धाप, आवाज बसणं, गळून जाणं, यातली दोन लक्षणं एकत्र दिसली किंवा चुकून शेंगदाणा पोटात गेल्याचं माहीत असताना नुसती धाप लागली, तर आधी मांडीत इंजेक्शन, मग १०८ ला फोन, मग पंप. खाजेची गोळी आणि पंप यांवर विसंबून थांबायचं नाही. चालवायचं नाही, आडवं ठेवायचं, धाप जास्त असेल तर बसवायचं. कुपीची मुदत संपायची तारीख आम्ही दिनदर्शिकेवर गणपतीच्या शेजारी लिहितो. आजवर ती पेटी वापरावी लागलेली नाही.

२०२३ मध्ये माझ्या भावाला मुलगा झाला. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर वहिनी घाबरून म्हणाली, आपल्याकडे शेंगदाणा आता कुणालाच नको. मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं ते ऐकून आम्ही दोघी चकित झालो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या ६४० बाळांचे दोन गट केले होते. एका गटाला अकरा महिन्यांच्या आतच शेंगदाणा सुरू केला, दुसऱ्याला पाच वर्षं दिलाच नाही. ज्यांना आधी अॅलर्जीची चिन्हं नव्हती, त्यांच्यात न खाणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्के मुलांना पाचव्या वर्षी अॅलर्जी निघाली, खाणाऱ्यांपैकी २ टक्क्यांहून कमी मुलांना. वहिनीच्या बाळाला इसब होतं, म्हणून आधी तपासून मग सुरू केलं. पाण्यात पातळ केलेलं गुळगुळीत वाटण, अख्खा दाणा अजिबात नाही, तो घशात अडकतो. मुक्ताच्या वेळी आम्ही ‘इसब आहे, उष्ण पडेल’ म्हणून दीड वर्षाची होईपर्यंत दाणा दाखवला नव्हता. ते तेव्हा माहीत असतं तर काय झालं असतं, हा विचार मी डोक्यात फार वेळ ठेवत नाही. भावाचं बाळ आता आठवड्यातून तीन दिवस दाण्याचं वाटण खातं. त्याच्या वाट्या वेगळ्या आणि मुक्ता त्यांच्याकडे गेली की त्या दिसतसुद्धा नाहीत.

मुक्ता आठ वर्षांची झाली तेव्हा तिचं वजन साडेबावीस किलो होतं. पंपाचा डोस डॉक्टरांनी निम्म्यावर आणला आहे. त्वचेची चाचणी पुन्हा केली, शेंगदाणा १० मिलिमीटर, म्हणजे तसाच. काही मुलांची ही अॅलर्जी मोठेपणी जाते, बऱ्याच जणांची जात नाही. दर वर्षी बघायचं.

गेल्या मे महिन्यात हरिपूरला लग्न होतं. पंगत बसली, वाढपी वांग्याची भाजी घेऊन आला. मी पलीकडच्या रांगेत होते, उठेपर्यंत मुक्ताने ताटावर हात आडवा धरला होता. “काका, यात दाण्याचं कूट आहे का?” वाढपी म्हणाला, नाही बाळा, खोबरं घातलंय. “आणि तेल कुठलं?” तो थांबला, भाजीची बादली खाली ठेवली आणि आत जाऊन आचाऱ्याला विचारून आला. तेल घाण्याचं होतं. मुक्ताने मान हलवली, “मग नको,” म्हणाली आणि वरण-भातावर तूप मागून घेतलं. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी आपल्या ताटातली भाजी उचलून दूर कडेला सारली, आणि तिच्या वाटीत दही वाढायला सांगितलं.